चर्चा: प्रायोजक गेले, आणि एप्कॉटमधलं भविष्यही गेलं. पटतंय का?

पैलतीर (धागाकर्ती)

फ्लोरिडात डिस्नेची एप्कॉट नावाची करमणूक बाग आहे, तिथे 'होरायझन्स' नावाचं दालन होतं. १ ऑक्टोबर १९८३ रोजी उघडलं, ९ जानेवारी १९९९ रोजी कायमचं बंद झालं. नंतर ते पाडलं आणि त्या जागी २००३ मध्ये 'मिशन: स्पेस' आलं.

ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगते. वरच्या रुळाला टांगलेल्या चारजणी गाड्यांची न थांबणारी साखळी होती. सुरुवातीला ज्यूल व्हर्नच्या काळापासून माणसांनी भविष्याची जी जी चित्रं रंगवली ती दिसायची. मग दोन अवाढव्य पडदे. आणि मग एक कुटुंब: कुणी वाळवंटात शेती करतंय, कुणी समुद्राखालच्या वस्तीत राहतंय, कुणी अवकाशात. वाळवंटातल्या शेतीच्या दृश्यात संत्र्यांचा वास सोडलेला असे. शेवटी गाडीतल्या चौघांनी बटणं दाबून ठरवायचं की परत कुठल्या वाटेनं जायचं: अवकाश, समुद्र की वाळवंट. बहुमत जिकडे, तिकडची फिल्म त्या गाडीपुरती चालू व्हायची. ऐंशीच्या दशकात!

दारावर नाव होतं प्रायोजकाचं, म्हणजे विजेची उपकरणं बनवणाऱ्या जनरल इलेक्ट्रिकचं (जीई). आणि माझा मुद्दा इथेच आहे. 'कंपन्यांच्या जाहिराती होत्या, गेल्या ते बरं झालं' असं मी बरेचदा ऐकते. मला ते मुळीच पटत नाही. कंपनी वर्षानुवर्षं पाठीशी उभी असल्यामुळेच ना सिनेमा, ना ओळखीचं पात्र, ना पोटात गोळा आणणारा वेग असलं काहीही नसताना पंधरा मिनिटांची संथ राइड बांधण्याची हिंमत झाली. १९९३ मध्ये जीई बाहेर पडली आणि होरायझन्सचा आधार गेला. आज त्याच बागेत जे नवं येतं ते बहुतेक कुठल्या ना कुठल्या चित्रपटाच्या जोरावर येतं. माझ्यासारख्या साध्या माणसाचं घर पुढे कसं असेल, हे आता तिथे कुणी सांगत नाही.

तुम्हाला काय वाटतं?

अनुस्वार

पैलतीर, वर्णन सुंदर, पण निष्कर्षाशी ठाम असहमत.

कंपनीने भविष्य दाखवलं म्हणता. कुठलं भविष्य? जे तिच्या दुकानात विकत मिळणार होतं ते. त्याच बागेतलं 'युनिव्हर्स ऑफ एनर्जी' घ्या, १९८२ पासून एक्सॉन या तेलकंपनीचं. अख्खं प्रेक्षागृह डायनोसॉरांमधून सरकायचं, हे मान्य. छपरावर सौरपट्ट्या होत्या आणि त्यांची वीज याच फिरत्या बाकांना जायची, हेही मान्य. पण एक्सॉनचेच शास्त्रज्ञ जेम्स ब्लॅक यांनी १९७७ मध्ये कंपनीच्या वरिष्ठांना कार्बन डायऑक्साइडमुळे पृथ्वी तापेल असं समजावून सांगितलं होतं. १९८२ मध्ये, म्हणजे दालन उघडलं त्याच वर्षी, कंपनीत या विषयावर सविस्तर अंतर्गत अहवाल फिरत होता. तो जनतेसमोर यायला २०१५ उजाडलं. आत बसलेल्या मुलांना यातलं काय सांगितलं गेलं? पैसे देणाऱ्याच्या हातात काय दाखवायचं हे असतं आणि काय झाकायचं हेही असतं. या दालनांसाठी हळहळण्याआधी हे लक्षात घ्यायला हवं.

सावरी

पैलतीरताईंना +१.

माझी आठवण 'अॅडव्हेंचर थ्रू इनर स्पेस'ची आहे. कॅलिफोर्नियातल्या डिस्नेलँडमध्ये, १९६७ ते १९८५, मोन्सँटो या रसायन कंपनीची. रांगेत उभं असताना एका राक्षसी सूक्ष्मदर्शकात लोक शिरताना आणि पलीकडे चिमुकले होऊन सरकताना दिसायचे. मग आपण हिमाच्या पाकळीत, तिथून रेणूत, तिथून अणूत. बाहेर पडताना वर बघावं तर भिंगातून एक प्रचंड डोळा आपल्याकडे पाहतोय. मी त्या डोळ्याला भ्यायले होते आणि घरी येऊन वडिलांना अणू म्हणजे काय ते विचारलं होतं. मोन्सँटोने मला काहीही विकलं नाही. रसायनशास्त्राची गोडी मात्र तिथे लागली.

सुरुवातीची काही वर्षं तिला वेगळं तिकीटही लागत नसे, कारण खर्च कंपनीचा. सलग फिरणाऱ्या गाड्यांची जी पद्धत पुढे होरायझन्सपर्यंत गेली, तीही पहिल्यांदा इथेच वापरली गेली.

अनुस्वार

सावरीताई, गोडी लागली हे खरंच मोलाचं. पण ज्या कंपनीचा धंदाच रसायनं विकण्याचा, तिने रेणूंचे चमत्कार फुकट दाखवायचे, यात तिचा तोटा काय? तिकीट नव्हतं कारण त्याची किंमत तिच्या लेखी आधीच वसूल होत होती.

कळसूत्र

माझा व्यवसाय यंत्रांचा, म्हणून वेगळ्या बाजूने लिहितो.

या दालनांत जे तंत्र होतं ते तिकिटांच्या हिशेबात बसणारं नव्हतं. कोडॅकच्या 'जर्नी इन्टू इमॅजिनेशन'मध्ये (१९८३) सुरुवातीला एक भलंमोठं फिरतं चक्र होतं. गाड्या त्याच्या कडेने त्याच वेगाने फिरायच्या, त्यामुळे तुम्ही चालत्या गाडीत असूनही ड्रीमफाइंडर नावाचं पात्र आणि त्याचा जांभळा ड्रॅगन फिगमेंट तुमच्या समोर स्थिर राहून गप्पा मारत. चक्राचा आणि गाड्यांचा वेग एकमेकांशी जुळवून ठेवायचा, तोही दिवसभर, वर्षभर! ज्याने असलं काही सांभाळलंय त्यालाच कळेल.

१९९८ मध्ये ते बंद करून वर्षभराने नवीन रूप आणलं. मार्ग कापला, ड्रीमफाइंडर काढला, फिगमेंट जेमतेम ठेवला. लोक इतके चिडले की दोन-तीन वर्षांत फिगमेंटला परत आणावं लागलं. आणि अनुस्वार, इथे एक गोष्ट बघा: या सगळ्या काळात कोडॅक प्रायोजक होतीच, ती २०१० पर्यंत होती. म्हणजे चांगलं रूप आलं तेव्हाही तीच आणि वाईट आलं तेव्हाही तीच. प्रायोजक असला की दर्जा आपोआप येतो हे पैलतीरताईंचं गृहीतक मला लंगडं वाटतं. पण तुमचंही वाटतं. दर्जा आला तो बांधणाऱ्यांमुळे, आणि त्यांना किती मोकळीक मिळाली त्यावर.

पैलतीर (धागाकर्ती)

कळसूत्रदादा, प्रायोजक असला की दर्जा येतोच असं मी म्हटलेलं नाही. प्रायोजक असला तर वेळ मिळतो, असं म्हणतेय. सिनेमावर उभी राहिलेली राइड पहिल्या दिवसापासून गर्दी खेचायलाच हवी. होरायझन्सवर ते ओझं नव्हतं.

अनुस्वार, एक्सॉनबद्दल तुम्ही लिहिलंत ते गंभीर आहे आणि मी ते टाळणार नाही. त्या दालनाची बाजू घेण्याची माझी इच्छाही नाही. पण सगळी दालनं एका मापाने का मोजायची? होरायझन्समध्ये जीईचा फ्रिज नव्हता. 'स्वप्न पाहता आलं तर ते करूनही दाखवता येतं' अशा अर्थाचं इंग्रजी वाक्य आज जगभर वॉल्ट डिस्नेंच्या नावावर फिरतं ना, ते त्यांचं नाहीच. ते होरायझन्ससाठी डिस्नेतच काम करणाऱ्या टॉम फिट्झगेराल्ड यांनी लिहिलं, आणि वॉल्ट तर १९६६ मध्येच वारले. जाहिरातीतली वाक्यं विकून झाली की विसरली जातात. हे दालन पाडून इतकी वर्षं झाली तरी ते वाक्य टिकून आहे.

अनुस्वार

फ्रिज होरायझन्समध्ये नसेल, पण त्याच्या थोरल्या भावंडात होता! 'कॅरोसेल ऑफ प्रोग्रेस' १९६४च्या न्यूयॉर्क जागतिक मेळ्यात जीईसाठीच बांधलं गेलं. विजेच्या उपकरणांनी एका घराचं आयुष्य पिढ्यान्‌पिढ्या कसं सुखाचं होत गेलं, हीच त्याची गोष्ट. डिस्नेचे गीतकार शर्मन बंधू यांचं मूळ गाणं उद्याच्या सुंदर दिवसाबद्दल होतं. १९७५ मध्ये ते फ्लोरिडात हलवलं तेव्हा गाणंच बदललं. नवीन गाण्याचा सूर असा, की उत्तम काळ हाच, आत्ताचाच. जीईला लोकांनी उद्याची वाट बघत खरेदी लांबवायला नको होती, असंच त्यामागचं कारण सांगितलं जातं. जीई १९८५ मध्ये बाहेर पडली आणि नव्वदच्या दशकात जुनं गाणं परत आलं.

याहून स्पष्ट उदाहरण मला देता येणार नाही. प्रायोजक असताना 'उद्या' काढून टाकला गेला, आणि प्रायोजक गेल्यावर तो परत आला. ते दालन आजही चालू आहे. तुमच्या मांडणीत हे कुठे बसतं?

दीपमाळ

हा मुद्दा बिनतोड आहे. मी इथवर पैलतीरच्या बाजूने वाचत होते.

तरी एक जोडते. कंपनी राहिली म्हणून वाचलं असंही नाही आणि कंपनी गेली म्हणून मेलं असंही नाही. जनरल मोटर्सचं 'वर्ल्ड ऑफ मोशन' १९८२ ते १९९६ चाललं. चाकाच्या शोधापासूनची वाहनांची विनोदी गोष्ट, आणि बाहेर पडलात की थेट त्यांच्या मोटारींच्या दालनात. जनरल मोटर्स कुठेही गेली नाही. तिच्याच नावाने तिथे 'टेस्ट ट्रॅक' आला, कारण तिला वेग हवा होता. म्हणजे जी संथ राइड तुम्हाला प्रिय, ती प्रायोजकाच्या डोळ्यांदेखत गेली.

आणि होरायझन्सचा शेवट पाहा. डिसेंबर १९९४ मध्ये बंद केलं, वर्षभराने पुन्हा उघडलं. का? तर शेजारची एनर्जी आणि मोशनची दालनं नूतनीकरणासाठी बंद व्हायची होती आणि लोकांना बघायला काहीतरी हवं होतं. इतक्या गुणी दालनाला शेवटची काही वर्षं पडद्यासारखं वापरलं, याचा मला आजही राग येतो.

सावरी

त्या शेवटच्या काळात दोन चाहते चालत्या गाडीतून उतरून देखाव्यांच्या मागे जायचे आणि कोपरान्‌कोपऱ्याचे फोटो काढून ठेवायचे. नियमाविरुद्ध आणि धोक्याचंही होतं, कुणी करू नये. पण आज त्या दालनाच्या आतल्या बाजूचं जे काही पाहायला मिळतं, त्यातलं बरंच त्यांच्यामुळे. कंपनीच्या जाहिरातीसाठी कुणी एवढं करतं का हो?

कळसूत्र

नाही करत. ते हातांनी बनवलेल्या वस्तूसाठी करतात.

डिस्नेलँडमधलं मोन्सँटोचं 'हाऊस ऑफ द फ्यूचर' आठवा, १९५७चं, सगळं प्लास्टिकचं. १९६७च्या अखेरीला पाडायला घेतलं तेव्हा लोखंडी गोळा भिंतींवर आपटून परत उसळला. एका दिवसाचं काम म्हणून घेतलेलं, ते दोन आठवडे चाललं. शेवटी तुकडे तुकडे करून काढावं लागलं, आणि त्याचा सिमेंटचा पाया अजून तिथेच आहे. आतल्या भविष्याबद्दल वाद घाला, पण त्या भिंती कुणीतरी मन लावून केल्या होत्या.

अनुस्वार

कळसूत्र, बांधणाऱ्यांबद्दल माझी तक्रार कधीच नव्हती. माझी तक्रार आहे ती मजकूर कुणी ठरवला याबद्दल. भविष्याची गोष्ट सांगायची तर ती विज्ञान संग्रहालयांनी सांगावी, सार्वजनिक पैशातून, आणि चूक निघाली तर दुरुस्त करण्याची मुभा ठेवून.

पैलतीर (धागाकर्ती)

'कॅरोसेल'च्या गाण्याचं उदाहरण माझ्या विरोधातलं आहे आणि भक्कम आहे. तरी माझं मत बदललेलं नाही, आणि का ते सांगते. 'उद्या' परत आला तो जीईने पैसे घालून उभारलेल्या रंगमंचावर. तो रंगमंचच नसता तर गाणं परत कुठे आणलं असतं?

संग्रहालयांचं म्हणाल तर हजार वेळा मान्य, मी स्वतः त्यासाठी देणगी द्यायला तयार आहे. पण चारचौघांना एका गाडीत बसवून, संत्र्यांच्या वासातून नेऊन, 'आता तुम्ही ठरवा कुठे राहायचं' असं विचारणारं संग्रहालय मला अजून भेटलेलं नाही. कुणाला माहीत असेल तर इथे जरूर लिहा, मला खरंच जायचंय.

दीपमाळ

लिहिणाऱ्यांनी एवढंही सांगा की त्याचा खर्च कोण करतं. त्याशिवाय अनुस्वार आणि पैलतीर यांच्यातला हा वाद पुढे सरकणार नाही.