स्कॉटलंडचं दुसरं सार्वमत : घ्यायचं का, यापेक्षा कधी हे कोण ठरवणार?

लीथकर

१८ सप्टेंबर २०१४ ला एडिनबरातल्या एका प्राथमिक शाळेत जाऊन, स्कॉटलंडनं ब्रिटनपासून वेगळा देश व्हावं का, या सार्वमतात दोरीला बांधलेल्या शिसपेन्सिलीनं फुली मारून आलो. बाबागाडीत मुलगी झोपलेली, खिशात भारतीय पासपोर्ट. राष्ट्रकुल देशांतल्या रहिवाशांना मत होतं, म्हणून मला मिळालं. माझा ऑफिसातला मित्र जन्मानं स्कॉटिश, पण तेव्हा लंडनला राहायचा, त्याला नव्हतं. तो अजून मला टोमणे मारतो. बोटाला शाई लागली नाही याचं मात्र वाईट वाटलं.

फुली ‘नको’वर मारली होती. निकाल सगळ्यांना ठाऊक आहे : ५५ टक्के नको, ४५ टक्के हवं, मतदान ८४.६ टक्के. तेव्हा आम्हाला ठासून सांगितलं होतं की युरोपियन युनियनमध्ये राहायचं तर ब्रिटनमध्ये राहा. दोन वर्षांत ब्रेक्झिटचं सार्वमत झालं. स्कॉटलंडमध्ये ६२ टक्के लोक युरोपात राहू म्हणाले, बत्तीसच्या बत्तीस कौन्सिलांत, तरी बाहेर पडावं लागलं. ज्या मालाची हमी दिली तोच बदलला, तर गिऱ्हाईकानं परत दुकानात जायचं नाही का?

बरं, जायचं म्हटलं तर दार कुठे आहे? २०१७ मध्ये स्कॉटलंडच्या सरकारनं दुसरं सार्वमत मागितलं, पंतप्रधान थेरेसा मे म्हणाल्या आत्ता वेळ नाही. मग पुढचे पंतप्रधान जॉन्सन नाही म्हणाले. २०२२ मध्ये ब्रिटनच्या सुप्रीम कोर्टाच्या पाच न्यायमूर्तींनी एकमतानं सांगितलं की एडिनबरच्या संसदेला स्वतःहून असं सार्वमत घेता येत नाही. म्हणजे लंडनच्या मर्जीशिवाय रस्ताच नाही. शेजारच्या उत्तर आयर्लंडला मात्र १९९८ च्या करारानं रस्ता आखून दिला आहे : बहुमत ब्रिटन सोडून आयर्लंडमध्ये सामील व्हायच्या बाजूनं जाईल असं लंडनच्या मंत्र्याला वाटलं तर मतदान घ्यायलाच लागेल, आणि दोन मतदानांत किमान सात वर्षं. माझं म्हणणं एवढंच, असा नियम इथेही हवा. आज मतदान झालं तर मी कुठे फुली मारेन, हा वेगळा प्रश्न.

ताकभात

अडाणी प्रश्न. कोर्ट नाही म्हणालं, तर २०१४ ला कसं घेतलं?

लीथकर

लंडननं तेवढ्यापुरता अधिकार उसना दिला होता. ऑक्टोबर २०१२ मध्ये ब्रिटनचे तेव्हाचे पंतप्रधान कॅमरन आणि स्कॉटलंड सरकारचे तेव्हाचे प्रमुख सॅमंड यांनी करारावर सह्या केल्या, मग १९९८ च्या स्कॉटलंड कायद्यातल्या कलम ३० खाली आदेश निघाला. त्याची मुदत संपली. आता पुन्हा हवा तर पुन्हा मागायचा.

अबर्डीनवाला

उसनं एकदा मिळालं ते पुरे झालं. “पिढीतून एकदाच” हे शब्द सॅमंड यांचेच होते, लंडनचे नव्हेत. पिढी म्हणजे किती, हे हरल्यावर मोजायला बसायचं नसतं.

मी तेलातला माणूस. २०१४ च्या उन्हाळ्यात तेल पिंपाला शंभर डॉलरच्या वर होतं आणि नव्या देशाचा सगळा हिशोब त्यावर मांडलेला. जानेवारी २०१५ मध्ये भाव पन्नासच्या खाली. इथे माझ्या गल्लीतल्या चार घरांवर विक्रीच्या पाट्या लागल्या. ‘हवं’ जिंकलं असतं तर ते गाडं कोणाच्या गळ्यात पडलं असतं? आणि चलन कुठलं, पाऊंड की आणखी काही, याचं सरळ उत्तर तेव्हा मिळालं नाही, आजही मिळत नाही.

ब्रेक्झिटचा धडा तुम्ही उलटा वाचताय. ४७ वर्षांचा संसार मोडायला साडेतीन वर्षं लागली. इथे संसार १७०७ चा आहे. पेन्शन, कर्ज, सैन्य, ग्रेटनाजवळची सीमा, सगळं वाटून घ्यायचं. भावकीत बांध फोडायचा म्हटला तरी दोन पिढ्या कोर्टात जातात हो!

मांडवीकाठ

गोव्याहून लिहितोय. आमच्याकडे १६ जानेवारी १९६७ ला कौल झाला होता, हे इथल्या तरुण मंडळींना माहीत असेलच असं नाही. महाराष्ट्रात विलीन व्हायचं की केंद्रशासित राहायचं. विलीनीकरणाला फूल, वेगळं राहायला दोन पानं. आजोबा फुलाचे, आजी पानांची. आठवडाभर घरात बोलणं बंद, असं आई सांगते. पानं साधारण ३४ हजार मतांनी जिंकली. स्वातंत्र्याचा प्रश्न नव्हता, त्यामुळे तुलना ओढून ताणून आहे हे मान्य. पण गंमत पुढे आहे. विलीनीकरणाचा झेंडा घेतलेले भाऊसाहेब बांदोडकर कौल हरले आणि दोनतीन महिन्यांत निवडणूक जिंकून पुन्हा मुख्यमंत्री झाले.

तुमच्या एसएनपीचंही, म्हणजे स्वातंत्र्य मागणाऱ्या स्कॉटिश नॅशनल पार्टीचंही, तेच ना? २०१४ ला सार्वमत हरले, २०१५ ला लंडनच्या संसदेतल्या स्कॉटलंडच्या ५९ पैकी ५६ जागा. लोकांना पक्ष एक हवा असतो आणि मुद्द्यावर मत दुसरं असतं. म्हणून २०२५ मध्ये एसएनपीचे नेते स्विनी म्हणाले की एडिनबरच्या संसदेत १२९ पैकी ६५ जागा एकट्या आमच्या आल्या की सार्वमताचा हक्क मिळाला, ते मला पटत नाही. जागांवरून कौल मोजायचा तर २०२४ मध्ये वेस्टमिन्स्टरला, म्हणजे लंडनच्या संसदेत, ४८ वरून ९ वर आले, तो कशाचा कौल होता?

लीथकर

मांडवीकाठ, हे मला आधी सुचलं नव्हतं. पण मग मोजायचं कशानं? जागा नको, चाचण्या नको, एडिनबरच्या संसदेचा ठराव नको. २०११ मध्ये एसएनपीला ६९ जागा मिळाल्या, तेव्हा लंडननं त्याच जागांना कौल मानलं होतं. एकदा चाललेलं माप आता खोटं कसं? माप बदला, पण आधी सांगून बदला.

माँट्रियलची मावशी

बाळांनो, मी कॅनडातल्या केबेक प्रांतात १९९५ चं, वेगळं व्हायचं का याचं सार्वमत पाहिलंय. पहिलं १९८० चं, साठ टक्क्यांच्या आसपास नको. दुसरं १५ वर्षांनी : नको ५०.५८, हवं ४९.४२. पन्नास लाखांच्या जवळ मतं पडली आणि फरक ५४ हजारांचा. त्या रात्री मुख्यमंत्री पारिझो टीव्हीवर म्हणाले की आपण हरलो ते पैशामुळे आणि परक्या वंशाच्या मतांमुळे. मी नुकतीच नागरिक झालेली. दुसऱ्या दिवशी बसमध्ये कोणी काही बोललं नाही, पण मीच खिडकीबाहेर बघत बसले. लीथकर, तुझं मत आज कौतुकाचं आहे. फरक पन्नास हजारांवर आला की तुझ्याकडे कोण कसं बघेल, याचाही विचार कर.

मोठ्या कंपन्यांची मुख्यालयं तर १९७६ पासूनच टोरंटोला निघाली होती. मतदान झालं नाही तरी होणार होणार म्हणूनही शहर झिजतं. म्हणून तुझा सात वर्षांचा नियम मला नको. दर सात वर्षांनी खपली काढायची?

लीथकर

मावशी, दर सात नाही, किमान सात. पण तुमचं पहिलं म्हणणं मनाला लागलं. त्यावर माझ्याकडे उत्तर नाही. २०१४ ला इथे असं कोणी मोठ्या माणसानं बोललं नाही, एवढंच सांगू शकतो.

नियमभंग

नियमप्रेमींसाठी : न्यू कॅलेडोनिया, पॅसिफिकमधला फ्रान्सच्या ताब्यातला बेटांचा प्रदेश, प्रश्न तोच, स्वतंत्र व्हायचं का. १९९८ च्या करारात नियम लिहिलेला होता, तीन मतदानांपर्यंत जायची सोय. २०१८ ला नको ५६.७ टक्के, २०२० ला ५३.३. तिसऱ्या वेळी कोविडचे बळी, तिथला मूळचा कनक समाज दुखवट्यात, तारीख पुढे ढकला म्हणत होता. फ्रान्सनं डिसेंबर २०२१ ची धरून ठेवली. त्यांनी बहिष्कार घातला, नको ९६ टक्क्यांवर गेलं. मे २०२४ मध्ये तिथे जाळपोळ झाली, माणसं गेली. नियम होता साहेब.

अबर्डीनवाला

+१. ज्याच्या हातात कॅलेंडर, त्याच्या हातात निकाल.

लीथकर

अहो, मग मी दुसरं काय म्हणतोय? कॅलेंडर एकाच्याच हातात होतं म्हणूनच तिथे बिघडलं. तारीख दोघांनी मिळून ठरवायची, हाही नियमातच लिहायला हवा. नियमभंग यांचं उदाहरण मी माझ्या बाजूला घेतो. फुकट मिळालं.

ताकभात

म्हणजे लंडनची संमती पुन्हा आलीच की.

लीथकर

...आली खरी. पण ‘घ्यायचं का’ यावर नाही, फक्त ‘कुठल्या महिन्यात’ यावर. इथपर्यंत मी मागे सरकतो, याच्यापुढे नाही.

अबर्डीनवाला

ते ठीक. पण तुम्ही शिताफीनं टाळलेला प्रश्न राहिलाच. आता फुली कुठे?

लीथकर

खरंच ठरत नाही. घर ‘नको’ म्हणतं, ब्रेक्झिटचा राग ‘हवं’ म्हणतो. बाबागाडीतली मुलगी लवकरच सोळाची होईल. इथे सोळाव्या वर्षी मत मिळतं. काल जेवताना तिला विचारलं, तू कुठे मारशील? म्हणाली, “बाबा, मतदान गुप्त असतं ना?” आणि आमटी वाढून घेतली.

अबर्डीनवाला

हुशार आहे पोरगी. जाताना तिच्याजवळ पेन द्या, पेन्सिल नको.