सांगली-साताऱ्याला विज्ञान-अभियांत्रिकीचं स्वतंत्र सरकारी विद्यापीठ हवं का?

कृष्णाकाठ:
पुण्याच्या सीओईपी या जुन्या सरकारी अभियांत्रिकी कॉलेजला 2022 मध्ये विद्यापीठाचा दर्जा मिळाला. आपलं सांगलीचं वालचंद अभियांत्रिकी 1947 चं, कऱ्हाडचं शासकीय अभियांत्रिकी 1960 चं. दोन्ही अजून कॉलेजच. संशोधनाचे विषय तर दाराशी आहेत: कोयनेचा भूकंप, 2019 आणि 2021 चे महापूर, ऊसपट्ट्यातली क्षारपड रानं. त्यावर पीएचडी करायला पोरांनी पवईची आयआयटीच का गाठायची?

मिरजेचे_मास्तर:
माझा विरोध आहे. पाटी बदलून संशोधन होत नसतं. इंजिनिअरिंगला बरीच वर्षं शिकवलंय. सकाळी लेक्चर, दुपारी प्रॅक्टिकल, संध्याकाळी कॉलेजला श्रेणी देणाऱ्या नॅकच्या फायली. निम्मे सहकारी तासिका तत्त्वावर, पुढच्या वर्षी असतील की नाही हे त्यांनाच माहीत नाही. अशा माणसाने पाच वर्षांचा प्रयोग हाती घ्यायचा कसा? आधी जागा भरा. वालचंद तर 2007 पासून स्वायत्त आहे, अभ्यासक्रम बदलायला कुणाची आडकाठी नाही.

तासगावकर:
मास्तर, जागा भरायलाच हव्यात, पण तेवढ्याने भागत नाही. आमच्या शेडवर या. द्राक्षं डिपिंग ऑइलच्या द्रावणात बुडवून जाळीवर पसरतो, पंधरा-वीस दिवसांत बेदाणा होतो. मधेच ढग आले, दमट हवा सुटली, की माल काळा पडतो आणि दर कोसळतो. सांगलीच्या बेदाण्याला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळालाय, पण स्वस्तात वाळवायचं यंत्र अजून नाही. चार महिन्यांच्या विद्यार्थी-प्रोजेक्टमधून ते होत नाही. मॉडेल बनतं, मार्क मिळतात, पोरगं पास होऊन पुण्याला जातं. सलग पाच हंगाम शेडवर थांबणारा, स्टायपेंड मिळणारा संशोधक हवा.

कऱ्हाडकर_ताई:
दादा, तुमची अडचण खरी आहे, पण त्याला नवं विद्यापीठ कशाला? कऱ्हाडात केंद्राच्या पृथ्वी विज्ञान मंत्रालयाची प्रयोगशाळा आहे. कोयनेचे भूकंप समजून घ्यायला त्यांनी 3 किलोमीटर खोल बोअर घेतलंय. साताऱ्यात रयत शिक्षण संस्थेच्या कॉलेजांचं मिळून विद्यापीठही झालं. हे सगळं एकमेकांशी जोडा, पैसा थेट प्रयोगशाळेला द्या. नव्या विद्यापीठाची पहिली काही वर्षं इमारतीतच जातात.

कृष्णाकाठ:
जोडा म्हणणं सोपं आहे, ताई. जोडणार कोण? पीएचडीची नोंदणी, गाईड, निधी, सगळं वेगवेगळ्या दारात. सीओईपीने जुन्याच कॉलेजातून विद्यापीठ केलं, आपणही तसंच मागू. माळरानावर नव्या इमारती कुणीच मागत नाहीये.

मिरजेचे_मास्तर:
मग मागणीपत्रात पहिली ओळ कायम प्राध्यापकांची घाला. ती असेल तर मी सही करतो.