आळसाला दोष, पण रस्त्याचं काय?
"लोकांनाच हलायचं नसतं, त्यात सरकार काय करणार" हे लोकांच्या व्यायाम न करण्याबद्दलचं म्हणणं मला अर्धंच पटतं. आळस आहेच, पण कोलंबियातल्या बोगोटा शहराचं उदाहरण कुणी देत नाही. तिथे १९७४ मध्ये 'सिक्लोव्हिया' नावाचा गाडीमुक्त रस्त्यांचा उपक्रम सुरू झाला. आता दर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी सकाळी ७ ते दुपारी २ शंभराहून जास्त किलोमीटर रस्ते गाड्यांना बंद असतात. लोक चालतात, सायकली हाणतात, पोरं स्केटिंग करतात. शिवाय बागांमधून एरोबिक्सचे फुकट वर्ग, आणि तिथे गर्दी मुख्यतः बायकांची! जिमच्या फीचा प्रश्नच नाही.

पुण्यात ११ डिसेंबरला लक्ष्मी रस्ता पादचाऱ्यांसाठी मोकळा ठेवतात, छानच. पण वर्षातून एका दिवसाने कुणाला सवय लागणार? निदान महिन्यातून एक रविवार तरी द्या.