पुण्याहून मेलबर्नला घरसामान: ७२ हजार की २ लाख १० हजार?

कोथरूडकरीण

नमस्कार मंडळी,

आम्ही दोघं आणि सहा वर्षांची लेक जानेवारीत मेलबर्नला कायमचे राहायला जातोय. सगळं घर न्यायचं नाही, पण काही वस्तू सोडवत नाहीत. सासूबाईंचा सागवानी झोपाळा पितळी कड्यांसकट, आजेसासऱ्यांच्या वेळचं नक्षीचं शिसवी कपाट, पुस्तकांचे २५ खोके, नवऱ्याचा तबला-डग्गा, दोन आरामखुर्च्या, लेकीची सायकल, स्वयंपाकघरातली भांडी आणि मसाल्यांचा वर्षाचा साठा.

दोन कोटेशन आलीत. पहिल्याने व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो मागवले आणि अर्ध्या तासात "६ सीबीएम (घनमीटर), ७२ हजार, ऑल इन्क्लुझिव्ह" असं कळवलं. दुसऱ्याचा माणूस घरी आला, टेप लावून एकेक वस्तू मोजली, कपाटाची दारं उघडून पाहिली आणि ८ सीबीएमचे २ लाख १० हजार सांगून गेला, "डोअर टू डोअर". नवरा म्हणतो दुसरा लुटतोय. मला पहिल्याचीच भीती वाटते, पण का ते सांगता येत नाही. कोणी या वाटेने गेलंय का?

चहाबिस्किट

विकून टाका हो सगळं. तिकडे आयकिया आहे.

कोथरूडकरीण

आयकियात कड्यांचा झोपाळा मिळाला तर कळवा.

उरणकर

ताई, न्हावाशेवाच्या सीएफएसमध्ये, म्हणजे बंदराजवळच्या कंटेनर गोदामात, डॉक्युमेंटेशनला नोकरी केली, आता निवृत्त आहे. जरा लांब लिहितो.

७२ हजारवाल्याचा आकडा बहुतेक खरा असेल. फक्त तो मेलबर्नच्या बंदरावर संपतो. पुढचं बिल वेगळा माणूस फाडेल, आणि तेव्हा तुमचं सामान त्याच्या गोदामात असेल. घासाघीस करायला जागाच नाही.

हे असं का होतं, तर २० फुटी कंटेनरची आतली जागा साधारण ३३ सीबीएम, प्रत्यक्षात २७-२८ भरतं. तुमच्या ६-८ सीबीएमसाठी अख्खा कंटेनर कोणी घेणार नाही, म्हणजे माल एलसीएलने (वाटून घेतलेल्या कंटेनरमधून) जाणार, दहा जणांच्या मालाबरोबर. हा कंटेनर भरतो कन्सोलिडेटर, म्हणजे अनेकांचा माल गोळा करणारा, आणि तुमचा फॉरवर्डर, म्हणजे तुम्हाला कोटेशन देणारा, त्याच्याकडून जागा घेतो. या धंद्यात इतकी मारामारी आहे की बऱ्याच मार्गांवर कन्सोलिडेटर समुद्राचं भाडं शून्य लावतो. कधी कधी तर माल दिल्याबद्दल फॉरवर्डरलाच वर पैसे देतो! मग तो कमावतो कुठे? पलीकडे, माल सोडवायला येणाऱ्याकडून. टर्मिनल हँडलिंग, कंटेनर रिकामा करण्याचे पैसे, डीओची (माल सोडायच्या आदेशाची) फी, गोदामभाडं, कस्टम्सची एंट्री, बायोसिक्युरिटीची, म्हणजे किडी-रोगांसाठीची क्वारंटाइन तपासणी आणि घरापर्यंतचा ट्रक. यातलं बरंचसं सीबीएमवर लागतं, म्हणून मापात दोन सीबीएम वाढले की तिकडचं बिलही वाढतं.

आणि माप वाढणारच. फोटोवरून कपाट साडेसहा फूट बाय चार बाय पावणेदोन धरलं तर होतात ४५ घनफूट, म्हणजे १.३ सीबीएमच्या आसपास. पण ते कपाट उघडंनागडं जात नाही. त्याला फोम, घोंगडी, कोरूगेटेड कागद, वर लाकडी क्रेट लागतो. क्रेटसकट तेच कपाट पावणेदोनच्या वर जातं, आणि पैसे क्रेटच्या बाहेरच्या मापावर लागतात. पुस्तकांची काळजी करू नका. एलसीएलमध्ये १ सीबीएम किंवा १ टन, जे जास्त भरेल ते धरतात. २५ खोके ५०० किलोचे असले तरी जागा १ सीबीएमची खातात, तेव्हा हिशेब जागेवरच होईल. पुस्तकांचे खोके मात्र लहान घ्या. मोठ्या खोक्याचा तळ जातो.

पहिल्याला एकच ईमेल करा. व्हॉट्सअ‍ॅप नको. विचारा: डेस्टिनेशन चार्जेसची यादी ऑस्ट्रेलियन डॉलरमध्ये द्या, दर सीबीएमला किती आणि किमान किती, मेलबर्नमधला तुमचा एजंट कोण, त्याचं नाव-पत्ता, कस्टम्स आणि क्वारंटाइन क्लिअरन्स दरात आहे का, ट्रक घराच्या आत सामान ठेवतो की फुटपाथवर. दुसऱ्यालाही हेच विचारा. "डोअर टू डोअर"मध्येसुद्धा क्वारंटाइनचं शुल्क बहुधा बाहेर ठेवतात, आणि जिना असेल तर त्याचे वेगळे पैसे. उत्तर टाळणाऱ्याला सोडून द्या, मग तो स्वस्त असो की महाग.

कागदांचं म्हणाल तर तुमच्या हातात येईल ते हाऊस बीएल (बिल ऑफ लेडिंग, म्हणजे माल वाहतुकीला घेतल्याची पावती), फॉरवर्डरने काढलेलं. जहाज कंपनीचं मास्टर बीएल वरच्या वर कन्सोलिडेटरच्या नावावर असतं. म्हणजे तुम्ही पैसे भरलेत आणि मधल्याने पुढे भरले नाहीत, तर माल अडतो तुमचा. हे मी टेबलाच्या या बाजूने बघितलंय, बायकापोरं तिकडे गाद्यांविना झोपलेली आणि इकडे फॉरवर्डर आणि कन्सोलिडेटर एकमेकांकडे बोट दाखवतायत. म्हणून हाऊस बीएल काढणारा १९९३च्या मल्टिमोडल कायद्याखाली डीजी शिपिंगकडे (सरकारच्या नौवहन महासंचालनालयाकडे) नोंदलेला एमटीओ, म्हणजे मल्टिमोडल वाहतूकदार, आहे का ते बघा आणि नोंदणी क्रमांक मागा. बीएलवर "फ्रेट प्रीपेड", म्हणजे भाडं आधीच भरलंय, असं छापलंय का बघा. मूळ बीएलच्या तीन प्रती निघतात आणि त्यातली एक दाखवल्याशिवाय तिकडे माल सुटत नाही. त्या कुरियरने फिरवण्यापेक्षा माल पाठवणारे तुम्ही आणि घेणारेही तुम्हीच असल्यामुळे "सरेंडर" करून घ्या, म्हणजे मूळ प्रती इथेच परत द्यायच्या आणि तिकडे त्यांच्याशिवाय माल सुटतो. पण सगळे पैसे चुकते झाल्याची पावती हातात आल्यावरच.

आता शिसवी कपाट. यावर दोघांपैकी एकानेही तोंड उघडलं नाही ना? शिसवी म्हणजे डाल्बर्जिया. हा सगळा वंश जानेवारी २०१७ पासून साइट्स करारात (धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंधनं घालणाऱ्या) आहे आणि भारतीय शिसवी परिशिष्ट २ मध्ये येतं. १० किलोच्या आतल्या तयार वस्तूंना सूट आहे, पण तुमचं कपाट त्यात कसं बसणार? वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरोकडे चौकशी केल्याशिवाय ते ट्रकवर चढवू नका. दुसरी गोष्ट, आजेसासऱ्यांच्या वेळचं म्हणजे किती जुनं? १९७२च्या पुरावस्तू कायद्यात १०० वर्षं पूर्ण झालेली कारागिरीची वस्तू पुरावस्तू ठरू शकते, आणि ती खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. नक्षीकाम बघून कस्टम्सवाल्याने शंका काढली तर पुरातत्त्व सर्वेक्षणाचं, ही पुरावस्तू नव्हे असं प्रमाणपत्र लागतं. देवघर, पितळी मूर्ती, जुने दिवे नेणार असाल तर त्यांनाही हेच. सागवानाला साइट्सचा त्रास नाही, झोपाळा खुशाल न्या.

यारातीरी

उरणकरकाका, प्रतिसाद जपून ठेवतेय. मी मेलबर्नच्या टार्नीट उपनगरात राहते, इकडची बाजू सांगते.

कोथरूडकरीण, मसाल्यांचा साठा विसरा. २०२० पासून खाप्रा भुंगेऱ्याच्या (साठवलेलं धान्य खाणाऱ्या किड्याच्या) धास्तीने तांदूळ, डाळी, गहू, शेंगदाणे, धणे, जिरं, बडीशेप, सुक्या मिरच्या हे मागून येणाऱ्या घरसामानात चालतच नाही. म्हणजे गोड्या मसाल्याचं अर्धं सामान बाद. इकडे सगळं मिळतं, मिरची ब्याडगीसुद्धा. उगाच एका पिशवीपायी तुमच्या सगळ्या खोक्यांची उलथापालथ होईल.

झाडू, कुंचा, सूप, टोपल्या, वाळलेली फुलं, पिसं, बिया यातलं काही भरू नका. गवताच्या पेंढ्यात भांडी बांधून देतात आपल्याकडे, तेही नको. सायकलचे टायर ब्रशने घासा, चपला-बुटांच्या तळव्यांची मातीही काढा. तबल्याच्या पुड्या चामड्याच्या, तेव्हा यादीत स्पष्ट लिहा. लिहिलेल्या वस्तूची तपासणी होते आणि बहुतेक वेळा ती घरी येते. लपवलेली सापडली तर मात्र दंड आहे.

फॉर्म बी५३४, मागून येणाऱ्या घरसामानाचा, तो तुम्हाला स्वतःला भरावा लागतो. त्याबरोबर पासपोर्ट आणि खोकेनिहाय यादी. "मिसलेनियस" किंवा "किचन आयटम्स" असं लिहिलेला खोका पहिल्यांदा उघडतात. खोका १४: स्टीलचे डबे, कढई, पोळपाट-लाटणं, असं लिहा. परदेशात १२ महिने किंवा जास्त तुमच्या मालकीची आणि वापरातली वस्तू करमुक्त येते. जाण्याआधी हौसेने नवीन फर्निचर करून घेतलंत तर त्यावर ड्युटी आणि १० टक्के जीएसटी बसू शकतो.

लाकूड पोखरलेलं नसावं. छिद्रं आणि खाली पिठासारखा भुसा दिसला की इथे धुरी देतात, नाहीतर वस्तू परत पाठवा किंवा नष्ट करा म्हणतात, सगळं आपल्या खर्चाने. पुण्यातूनच धुरी देऊन आणायची तर ऑस्ट्रेलियाच्या कृषी खात्याच्या यादीतल्या संस्थेकडूनच घ्या, बाकीच्यांचं प्रमाणपत्र इथे मानत नाहीत. धुरी मिथाइल ब्रोमाइड वायूची देणार असतील तर रबर, फोम, चामडं वेगळं काढा. त्यांना असा वास लागतो की नंतर काही केल्या जात नाही. आमच्या शेजाऱ्यांच्या उशा शेवटी कचऱ्यात गेल्या.

रंधा

फर्निचरचं काम करतो. क्रेटच्या लाकडावर गव्हाच्या ओंबीचा शिक्का आणि एचटी अक्षरं आहेत का बघा, म्हणजे लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंशांवर ३० मिनिटं तापवलेलं. नुसत्या प्लायवुडचा क्रेट असेल तर शिक्का लागत नाही, पण खाली चार लाकडी पट्ट्या ठोकल्या की त्यांना लागतोच. आपल्याकडचे क्रेटवाले पट्ट्या कुठल्याही मारतात.

झोपाळ्याची फळी एकसंध असेल तर तिला कापू देऊ नका, आडवी ठेवली तर जागा फारशी खात नाही. कड्या काढून, घासून, कोरड्या करून वेगळ्या खोक्यात ठेवा. फळीला थेट प्लास्टिक गुंडाळायचं नाही, आत घाम धरतो आणि पॉलिश पांढरं पडतं. आधी कागद, मग घोंगडी, मग बाहेरून प्लास्टिक. आणि जाण्याआधी तिकडच्या घराचं छत बघा. कड्या टांगणार कशाला? बऱ्याच घरांत वर नुसतं प्लास्टरबोर्ड असतं. लोखंडी किंवा लाकडी चौकट करावी लागेल, तिचं माप आत्ताच घेऊन जा.

कोथरूडकरीण

केवढं लिहिलंत सगळ्यांनी! पहिल्याला ईमेल केला. फोन आला, "मॅडम तिकडचं तिकडे बघू, टेन्शन नका घेऊ." लेखी काही नाही. दुसऱ्याने यादी पाठवली. क्वारंटाइन शुल्क वेगळं लिहिलंय, बाकी घराच्या आत ठेवण्यापर्यंत धरलंय. कपाट साताऱ्याला चुलत दिरांकडे जाईल, सासरेही तेच म्हणाले. मसाले आईला देऊन टाकते.

एक राहिलं. दुसरा विम्याचे सामानाच्या किमतीच्या ३ टक्के मागतोय, ते देऊ का? आणि मिक्सर, इडलीपात्र, कुकर न्यावेत का?

उरणकर

विमा घ्या. मे २०२५ मध्ये कोचीजवळ एमएससी एल्सा ३ बुडालं, ६४० कंटेनर होते त्यावर. जहाज बुडायचीही गरज नाही. जहाज वाचवायला खर्च झाला आणि मालकाने जनरल अ‍ॅव्हरेज जाहीर केलं, तर तो खर्च माल असलेल्या सगळ्यांवर वाटतात. तुमचा झोपाळा धडधाकट असला तरी हमी भरल्याशिवाय देत नाहीत. विमा असला की ते विमा कंपनी निस्तरते. ऑल रिस्कच घ्या. किंमत वस्तूनिहाय लिहा, आणि मेलबर्नमध्ये तशी वस्तू घ्यायला काय पडेल ती लिहा. हप्ता वाचवायला निम्मी लिहिलीत तर भरपाईही निम्मीच. काचसामान मात्र त्यांच्या माणसांकडून भरून घ्या. आपण भरलेल्या खोक्यातल्या फुटतुटीला पॉलिसीत जागा नसते.

कपाट गेलं म्हणजे ८ सीबीएमचे सव्वासहाच्या आसपास येतील. त्याच्याकडून नवीन मापावर कोटेशन घ्या, जुन्यावर सही करू नका.

मिक्सर खुशाल न्या. तिकडेही २३० व्होल्ट, ५० हर्ट्‌झच आहे, फक्त पिन बदलून घ्यायची. कुकरच्या रबरी रिंगा चार जास्त टाका, खोका उघडला तरी त्यांना कोणी हात लावत नाही.