घरातल्या रोजच्या कामांत मुलांसाठी गणित कसे शोधावे?

प्रश्नकर्ती
माझी मुलगी तिसरीत आहे. वहीतली बेरीज-वजाबाकी ती बिनचूक करते. परंतु पाऊण किलो म्हणजे किती ग्रॅम, असे विचारले की गोंधळते, आणि मी समजावू लागले की 'घरीसुद्धा शाळाच का?' म्हणून रुसून बसते. शिकवणीचे रूप न येता तिच्याशी गणित बोलता येईल, असे काही आपण घरी करत असल्यास कृपया सांगावे.

मंडईकर
ज्याचे उत्तर आपल्याला आधीच ठाऊक आहे, असा प्रश्न विचारला की मुलांना लगेच परीक्षेचा वास येतो. म्हणून ज्याचा हिशेब घराला खरोखर हवा आहे, असे काम तिच्यावर सोपवावे. टोमॅटो 20 रुपये पाव आणि 70 रुपये किलो असतील, तर किलोने घेतल्यास 10 रुपये वाचतात. पण किलोभर टोमॅटो नासण्यापूर्वी संपतील का, हा प्रश्न उरतोच, आणि त्यावर आमची मुले हिरिरीने भांडतात. पिशवी आणि पैसे तिच्या हाती द्यावेत, उरलेली मोडही तिलाच मोजून घेऊ द्यावी. मागे लोक खोळंबले तरी आपण मध्ये बोलू नये. हे फार अवघड जाते!

ठिपके_रेघा
आमच्याकडे हे काम रांगोळी करते. 7 ते 4 ठिपक्यांची रांगोळी घ्या: मधल्या ओळीत 7 ठिपके, तिच्या वर आणि खाली 6, 5, 4 असे उतरत जाणारे, आणि प्रत्येक ठिपका शेजारच्या ओळीतल्या दोन ठिपक्यांच्या मधोमध. सगळे मोजले तर 37 भरतात. आता मधल्या एका ठिपक्यापासून बाहेर पाहत गेल्यास त्याच्याभोवती पहिले कडे 6 ठिपक्यांचे, दुसरे 12 चे आणि तिसरे 18 चे दिसते. 9 ते 5 ची रांगोळी काढायची झाल्यास आणखी किती ठिपके लागतील, हे तिला काढण्यापूर्वी सांगू द्या आणि मग अंगणातच पडताळू द्या. (24 लागतात, पण हे तिला आधी सांगू नका.)

जुना_पाढेवाला
दोन्ही सूचना उत्तम आहेत. तरीही मूळ अडचण पाऊणची आहे, आणि तिथे थोड्या पाठांतराला पर्याय नाही, असे माझे मत आहे. पूर्वी पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी हे पाढे मुलांकडून म्हणवून घेत असत. घरात कोणा वडीलधाऱ्यांना पाऊणकी येत असेल तर मुलीला त्यांच्याजवळ बसवावे. तिसरीच्या मुलीला चारापर्यंत पुरे: दोन पाऊण म्हणजे दीड, तीन पाऊण म्हणजे सव्वादोन, चार पाऊण म्हणजे तीन. पाठ झाले की भाताचे तांदूळ तिलाच मोजू द्यावेत. माणशी पाऊण वाटी धरली, तर चौघांना किती वाट्या लागतील, हे तिने सांगावे आणि तेवढेच तांदूळ धुवायला घ्यावेत. अंदाज चुकला, तर भात कमी पडेल किंवा उरेल. उरलाच तर दुसऱ्या दिवशी फोडणीला टाकावा.