सायरन तुमचा, झोप आमची

दांडियाबाजारकर: काल आपल्या बडोद्याच्या ग्रुपवर कोणीतरी टाकलंय की खोट्या अलार्मला दंड लावणं म्हणजे चोरांना पायघड्या घालणं. वाचून डोकं फिरलं, म्हणून लांब लिहितोय. आमच्या समोरच्या सोन्याच्या दुकानाचा सायरन या महिन्यात चौथ्यांदा वाजला, तोही रात्री अडीचला. शेठचा फोन बंद. शेवटी मी आणि शेजारचे काका टॉर्च घेऊन उतरलो, जाळीतून बघतो तर काय, सेन्सरच्या डबीवर पाल, शेपूट हलवत मजेत बसलेली. लांडगा आला रे आला किती वेळा ऐकायचं? अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीने २००० सालीच ठरवलं, कोणी डोळ्यांनी बघून सांगितल्याशिवाय नुसत्या चोरीच्या अलार्मवर पोलीस धावणार नाहीत. पॅनिक बटण दाबलं तर गोष्ट वेगळी. मी तर एवढंच म्हणतो की दोनदा माफ, तिसऱ्यापासून ५०० रुपये, असोसिएशनने घ्यावेत.

रावपुऱ्याची सून: दुकान तुमचं नाही ना, म्हणून सुचतं. आमच्याकडे दोन वर्षांपूर्वी शटर उचकटलं होतं, सायरन वाजला म्हणून पळाले. दंडाच्या धाकाने लोक अलार्म बंदच ठेवतील, मग? आणि तिकडे आधी बघून यायला खाजगी गार्ड असतात, आपला वॉचमन खुर्चीत घोरतो.

वायरिंगवाला: मी हेच काम करतो म्हणून सांगतो. तो सेन्सर हलती उष्णता बघतो, आणि पाल-झुरळ भिंगावरच चढलं की त्याला भलं मोठं वाटतं. महिन्यातून एकदा फडकं मारा, जुनी बॅटरी बदला. कबुतरं तर विचारूच नका, झरोक्यातून आत शिरतात आणि फडफडतात.

पोळीतला: कबुतरं येणारच! आमच्या पोळीच्या, म्हणजे गल्लीच्या, कोपऱ्यावर रोज पोतंभर चण, म्हणजे दाणे, टाकतात. आधी त्यांना दंड लावा.

जीवदया: आमच्या आजीपासून चण टाकतोय आम्ही. मुक्या जीवाचं खाणं काढता? लाज वाटू द्या.

पोळीतला: आजी आमची अगाशी, म्हणजे गच्ची, धुवायला यायची का? वाळत घातलेले पापड फेकले मी परवा, अख्खी पाच किलोची मेहनत!

जीवदया: पापडांवर साडी टाकायची ना मग. अक्कल कबुतराला नाही, तुम्हाला तरी आहे ना?

दांडियाबाजारकर: अहो, सायरन! विषय सायरनचा होता!! रात्री १० ते ६ रहिवासी भागात आवाजाची मर्यादा ४५ डेसिबल आहे, २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत लिहिलंय.

रावपुऱ्याची सून: नवरात्रात कुठे जातात हे डेसिबल?

दांडियाबाजारकर: सणासुदीला १२ पर्यंत सूट देता येते, वर्षातून १५ दिवस. अडीच वाजता पाल गरबा खेळते, त्याला सूट नाही.

रावपुऱ्याची सून: बरं बाई, तुम्हीच शहाणे. सायरन दहा मिनिटांत आपोआप बंद होईल असं सेटिंग करून घेते आणि शटरवर घरचे दोन नंबर लिहिते. ५०० मात्र मागायला येऊ नका.

दांडियाबाजारकर: नाही येत. फक्त लिहिलेले नंबर रात्री चालू ठेवा.

जीवदया: चण मी उद्याही टाकणार.