मॉलमध्ये आपण खरेदीला जातो की चालायला?

वाकडकर_८१: दर रविवारी आम्ही चौघं मॉलला जातो, आईपण येते. परवा लक्षात आलं की गेल्या तीन वेळा पॉपकॉर्न सोडून काहीच घेतलं नाही, नुसतं फिरलो. आई मजेत चालते तिथे, फरशी सपाट, बसायला बाक, बाथरूम आहे, मागून हॉर्न नाही. तीच आई गेटपासून दीडशे मीटरवरच्या मेडिकलमध्ये एकटी जायला घाबरते, फूटपाथ आहे पण त्यावर विजेची डीपी, टपरी, बाईका. शनिवार पेठेत वाढलीये ती, मंडई तुळशीबाग सगळं पायी. आता दुसरं घर बघतोय, पायी फिरता येईल असा एरिया कसा ओळखायचा?

मिनेसोटाची_माई: आमच्याजवळ मिनेसोटातल्या इडायना गावात साउथडेल मॉल आहे, 1956 चा, अमेरिकेतला पहिला पूर्ण बंदिस्त एसी मॉल. आर्किटेक्ट व्हिक्टर ग्रुएन मूळ व्हिएन्नाचा, 1938 मध्ये नाझींपासून पळून आलेला. गाडीशिवाय पान न हलणाऱ्या उपनगराला त्याला लोकांनी जमायचा चौक द्यायचा होता, भोवती घरं, शाळा, दवाखाना, बाग, तळं असा आराखडा होता. पण लोकांनी उचलला तो नुसता मॉल आणि भोवतीचं पार्किंग, पुढे त्याने स्वतःच या मॉलांशी नातं तोडलं. तुझ्या आईला जे आवडतं ना, तेच त्याला द्यायचं होतं बघ. इथे थंडीत आजीआजोबा सकाळी मॉलमध्ये चालायला जातात, बाहेर बर्फ असतो म्हणून. आपल्याकडे तर बर्फही नाही रे!

नारायणपेठी: पेठेतही सगळं गोड नाही, लिफ्ट नाही, पार्किंगवरून रोज वाद. पण दूध, इस्त्रीवाला, डॉक्टर पाच मिनिटांत. 2021 पासून 11 डिसेंबरला लक्ष्मी रोडचा एक पट्टा गाड्यांना बंद ठेवतात, पादचारी दिन म्हणून. लेकीला घेऊन गेलो होतो, ती रस्त्याच्या मधोमध हात सोडून पळाली आणि मी ओरडलो नाही, असं पहिल्यांदाच झालं. वर्षातून एकच दिवस का, हे मला अजून कळत नाही.

स्वाती_के: घर बघायला जाताना गाडी लांब लावा आणि संध्याकाळी सातला आईंना घेऊन चाला, भाजी, मेडिकल, बसस्टॉप. रस्ता कुठे ओलांडावा लागतो, दिवे आहेत का, फूटपाथ दर गेटपाशी खाली उतरतो का, गुडघे दुखणाऱ्याला ते फार जाचतं. आणि मागचं गेट उघडं असतं का नक्की विचारा. आमच्या टाउनशिपचं सिक्युरिटीच्या नावाखाली बंद आहे, समोर दिसणाऱ्या वाण्याकडे जायला अख्खा वळसा, म्हणून लोक स्कूटर काढतात.

वाकडकर_८१: गेटचं डोक्यातच नव्हतं, आमचंही मागचं गेट बंदच असतं आणि मेडिकल त्याच बाजूला आहे! रविवारी सोसायटीची मीटिंग आहे, आधी तो विषय काढतो. कोथरूडचे दोन फ्लॅट शनिवारी आईला घेऊन पायीच बघतो.